परदेशी पीएचडीवाल्यांसोबत गावात काम करायचं तर

एसटीतून पाठीवर मोठी बॅग घेतलेला परदेशी माणूस उतरला की आमच्याकडे ठरलेले अंदाज निघतात. संस्थेचा साहेब असेल, पेपरवाला असेल, नाहीतर कर्जमाफीचं काही असेल. तो अजून शिकतो आहे, त्याला मार्गदर्शकाची बोलणी खावी लागतात आणि शिष्यवृत्ती महिनाअखेरपर्यंत पुरवावी लागते, हे पानठेल्यावर कुणाच्या मनात येत नाही. यात लोकांचा दोष नाही. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी. वर्धा त्यातला एक. तेव्हापासून वही-कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची रांग लागली ती लागलीच, आणि वही घेऊन आलेला प्रत्येक जण गावाला यादी करायला आलेला वाटतो.

मी देवळी तालुक्यात राहते. एमएसडब्ल्यू केलंय, घरी कापूस-तुरीचं वावर आहे, आणि वावरातलं काम सांभाळून अशा विद्यार्थ्यांसोबत दुभाषी म्हणून फिरते, मुलाखती उतरवून देते. आजूबाजूच्या गावांतली बीए, बीएस्सी झालेली मुलं-मुली विचारतात, "ताई, असं काम आलं तर घ्यावं का? करावं कसं?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट धरून चला: आलेला माणूस विद्यार्थी आहे. त्याला साहेब केलंत तर तो तुमच्यावर हुकूम चालवेल, पाहुणा केलंत तर तुम्ही त्याला खरं काही सांगणार नाही. विद्यार्थी म्हणून वागवलंत तर त्याचंही काम नीट होतं, तुमचंही.

कामाला हो म्हणण्याआधी

पहिल्या भेटीत चहा झाला की सरळ विचारा: कोणतं विद्यापीठ, कितवं वर्ष, मार्गदर्शक कोण, पैसे कोण देतं, किती महिने राहणार. यात उद्धटपणा नाही. त्यांच्यात एकमेकांना भेटले की हेच प्रश्न आधी विचारतात.

उत्तरावरून पुष्कळ कळतं. अमेरिकेतून आलेल्यांची पहिली दोन-तीन वर्षं वर्गात आणि परीक्षांत जातात. मोठी पात्रता परीक्षा उरकली की मग ते गावात येतात. विषय मानववंशशास्त्र असेल तर बहुधा वर्षभरासाठी. इंग्लंडवाल्यांची सगळी पीएचडीच तीन-चार वर्षांत आटपायची असते, त्यामुळे ते दुसऱ्या वर्षी येतात आणि कायम घाईत असतात. नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे बहुधा चार वर्षांच्या कराराची पगारी नोकरी. तिथून आलेल्याला रविवारी काम करायला सांगितलं तर तो चक्क नाही म्हणतो. घाईतला माणूस एका दिवसात चार मुलाखती मागेल, त्याला दोनवर थांबवा. वर्षभराचा माणूस सुरुवातीचे आठवडे नुसता पारावर बसेल आणि तुम्हाला वाटेल याला कामच नाही. पारावर बसणं हेच त्याचं काम असतं, त्याचे पैसे मागायला लाजू नका.

मग शेतीचं वेळापत्रक त्यांच्यासमोर मांडा. विद्यापीठाच्या सुट्या जून ते सप्टेंबर, म्हणून कित्येक जण नेमके मृगात येऊन धडकतात. पेरणी, मग डवरणी (म्हणजे कोळपणी), निंदण, फवारणी. त्या दिवसांत कास्तकाराला बसवून दीड तास प्रश्न विचारणं म्हणजे छळ आहे. बाया सकाळी डबा घेऊन निघतात त्या संध्याकाळीच येतात. सोयाबीन काढणी ऑक्टोबरात, कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे जोरात सुरू होते. लांब मुलाखतींना जानेवारी ते मार्च बरा. एप्रिलपासून ऊन असं की दुपारी पारावर कुत्रंही सापडत नाही. पावसाळ्यातच आला असेल तर त्याला वावरात न्या. निंदणाला वाकलेल्या बायांच्या रांगेत बसून जे ऐकायला मिळतं ते खुर्चीवर मिळत नाही, आणि निंदण किती अवघड असतं तेही कळतं.

कागदपत्रं थोडक्यात

संशोधनाचा व्हिसा आहे का, ते पाहून घ्या. पर्यटक व्हिसावर मुलाखती घेत फिरणाऱ्यासोबत जाऊ नका, निस्तरावं तुम्हाला लागेल. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते, ती त्यांनीच ऑनलाइन करावी. पण ज्याच्या घरी तो राहील त्या घरमालकाला २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झालाय, तरी बोलताना सगळे या घरमालकाच्या माहितीला जुन्या नावानं सी फॉर्मच म्हणतात. घरमालक म्हातारा असेल तर हे तुम्ही करून द्या. पोलीस पाटलाला आणि ठाण्यात पहिल्याच दिवशी भेटवा. नंतर कुणी तक्रार केली तरी ठाणेदाराला चेहरा माहीत असतो.

बियाणं, पानं, बोंडअळीचे नमुने पिशवीत भरून तिकडे न्यायचा विचार असेल तर तिथेच थांबवा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, आणि परदेशी व्यक्तीला त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. ताडोबा-मेळघाटच्या जंगलातलं संशोधन असेल तर वनखात्याची परवानगी नागपूरहून. हे तुमचं काम नाही, पण कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोबत जाऊ नका.

आणि वर्धा जिल्हा म्हणजे दारूबंदीचा जिल्हा, १९७५ पासून. गडचिरोलीही तसाच, १९९३ पासून. नागपूरहून येताना बॅगेत बिअर टाकून आणणं त्यांना साधी गोष्ट वाटते. पहिल्याच दिवशी सांगून टाका. यवतमाळात चालतं ते इथं चालत नाही, हे त्यांना नकाशा दाखवूनच पटतं.

खोली कुठे बघायची

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण सहा महिन्यांचं संशोधन इथंच अर्धं ठरून जातं. विद्यार्थी ज्याच्या घरी राहील त्याच्याच सपरीतून, म्हणजे ओसरीतून, त्याला गाव दिसतं. सरपंचाकडे राहिला तर विरोधी गट त्याच्याशी हवापाण्याच्या पुढे बोलत नाही. पाटलाच्या वाड्यात राहिला तर बौद्ध वस्तीतली माणसं नमस्कार-चमत्कार करून आत निघून जातात. कृषी केंद्रवाल्याच्या माडीवर राहिला आणि विषय कापसाच्या उधारीचा असेल, तर झालंच कल्याण.

म्हणून मी अशी खोली बघते जी कुणाची नाही. बदलून गेलेल्या मास्तरांचं रिकामं घर, स्टॅंडजवळची खोली, नाहीतर लेकी सासरी गेलेल्या आजीबाईंचं घर. आजीबाई सगळ्यात उत्तम. तिच्याकडे सगळ्या गल्ल्यांतल्या बाया येतात, ती कुणाला घाबरत नाही आणि संडास घरात असतो. संडास, न्हाणीघराला कडी, पिण्याच्या पाण्याचा कॅन आणि छतावर मोबाइलची रेंज, एवढं मिळालं की पंखा-कुलर नंतर बघता येतो.

पहिल्या आठवड्यात कुणाकडे जेवायचं याचा क्रमही जपून लावा. एकाच गल्लीत चार जेवणं झाली की गावानं हिशेब केलेलाच असतो. मुद्दाम वेगवेगळ्या वस्त्यांत जेवू द्या. यवतमाळकडे काम असेल तर कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) मुक्कामाला जायच्या आधी तिथल्या माणसांना विचारा, परस्पर घेऊन जाऊ नका. जेवताना तिखटाबद्दल मात्र आधी सांगून ठेवा. आपल्याकडे पाहुण्याला कमी तिखट वाढणं म्हणजे त्याचा अपमान. बिचारे वांग्याची भाजी आणि रोडगे डोळ्यांतून पाणी काढत खातात आणि "छान, छान" म्हणतात, की लगेच ताटात आणखी एक पळी पडते.

सगळे परदेशी गोरे नसतात, हे खोली बघताना विशेष लक्षात ठेवा. आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्याला नागपुरात खोली नाकारतात, एसटीत शेजारी बसत नाहीत, पोरं मागे लागून हसतात. त्याला "मनावर घेऊ नको" म्हणून सांगण्यात अर्थ नाही. तो मुक्कामाला यायच्या आधी घरमालकाशी, शाळेच्या मास्तरांशी बोलून घ्या आणि कुणी वेडंवाकडं बोललं तर तिथल्या तिथे तुम्ही बोला, त्याला बोलायला लावू नका. दुसरी अवघड जागा म्हणजे आपल्याच वंशाच्या मुली, ज्यांचे आई-वडील अमेरिकेत स्थायिक झाले. गोऱ्या मुलीनं पँट घातली तर चालतं, हिनं घातली की बाया विचारतात, "काहून वो, माय काही शिकवत नाही काय?" तिच्याकडून सुनेसारखं वागण्याची अपेक्षा असते आणि भाषा मात्र अर्धवट. अशा मुलीला पहिल्या दिवसापासून एका घरातली बहीण म्हणून जोडून द्या. मग त्या घरच्या बायाच तिची बाजू घेतात.

मुलाखत

पुण्यात अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी मराठीचे वर्ग चालतात. तिथं शिकून आलेले शुद्ध पुस्तकी बोलतात आणि इथं आल्यावर पहिल्या दिवशी गोंधळतात. तरी सुरुवात त्यांनाच करू द्या. तोडकंमोडकं बोलले की लोक हसतात, हसले की मोकळे होतात. तुम्ही मध्ये उडी मारलीत की बोलणं तुमच्याशी सुरू होतं आणि तो बाजूला मोबाइल बघत बसतो.

भाषांतर करताना समोरचा "मी" म्हणाला तर तुम्हीही "मी" म्हणा. "तो म्हणतो की पाऊस नव्हता" असं सांगत गेलं की दहा वाक्यांचं एक वाक्य होतं आणि जे गाळलं तेच नेमकं महत्त्वाचं असतं. शिवी दिली तर शिवी सांगा. माणूस गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. आणि एखादी गोष्ट तुम्हाला खोटी वाटली तरी तिथे दुरुस्त करू नका. रात्री वहीत तुमचं म्हणणं वेगळं लिहून द्या.

संमतीपत्राचं प्रकरण जरा खोलात सांगते. त्यांच्या विद्यापीठात नैतिकता समिती असते. तिच्या मंजुरीशिवाय मुलाखत घेता येत नाही आणि ज्याची मुलाखत घ्यायची त्याची संमती लागते. हे कागद बहुतेक वेळा शहरातून भाषांतर करून आणलेले असतात: "सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून..." असे दोन पानी. एका विद्यार्थिनीसोबत मी एका आजीकडे गेले होते. आजी बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पोरीनं कागद आणि पेन पुढे केलं. आजीनं कागदाला हात लावला नाही, शेंगांचं सूप तेवढं स्वतःकडे ओढून घेतलं. "सही कायले पाह्यजे? माह्या पोराचं वावर सहीनंच गेलं." पोरीला समजेना काय झालं. मी कागद घडी करून पिशवीत टाकला, सांगितलं की आज नुसत्या शेंगा सोलू. त्या दिवशी आम्ही तेच केलं. रात्री तिनं समितीला लिहिलं की इथं सही म्हणजे सावकार, बँक, कोर्ट. तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी द्या. मंजुरी आली, मगच आजीची मुलाखत झाली.

तेव्हा विद्यार्थी गावात यायच्या आधीच त्याला कळवा: तोंडी संमतीची परवानगी काढून आण. कागद तुम्ही बोलीत सांगा: कशासाठी विचारतो आहे, कुठे छापलं जाईल, नाव बदललं जाईल, नको वाटलं तर मध्येच उठून जाता येतं, नंतरही "माझं काढून टाक" म्हणता येतं. आणि न विसरता: यातून कर्जमाफी नाही, घरकुल नाही, कुठल्याही यादीत नाव नाही. हे प्रत्येक घरी, प्रत्येक वेळी सांगा. सांगूनही निघताना कुणीतरी सातबारा घेऊन दारात येतंच.

आता शेतकरी आत्महत्येचा विषय. परदेशातून विदर्भात येणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात तो आधीच असतो. मी दोन गोष्टींवर अडून बसते. एक, ज्या घरी आधीच पत्रकार, पुढारी, संस्था येऊन गेल्यात त्या घरी मी नेत नाही. त्या बाईनं नवऱ्याची गोष्ट किती जणांना सांगायची? दुसरी, उत्तर कसं ऐकायचं ते विद्यार्थ्याला आधी समजावून सांगते. शासनाची एक लाखाची मदत मिळायची तर आत्महत्या पात्र ठरावी लागते. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे कागदावर यावं लागतं. ज्या घरानं हे सगळं तहसीलपासून पुढे सिद्ध करत फेऱ्या मारल्या, ते घर परक्या माणसालाही त्याच क्रमानं सांगतं. ते खोटं नसतं, पण तेवढंच नसतं. बाकीचं ऐकायचं तर वही बंद करून महिनोन्महिने जावं लागतं, आणि ते विचारायचंच का, हेही आधी ठरवावं लागतं.

मुलाखतीला बसलं की तिसरा माणूस येणारच. नवरा, दीर, शेजारचा माजी सरपंच. हाकलता येत नाही. विद्यार्थी पुरुष असेल तर त्याला घरच्या पुरुषासोबत गोठ्याकडे पाठवून द्या, बैलांबद्दल विचारायला. बैल आणि त्यांच्या किमती यावर तास सहज जातो. तोवर तुम्ही चुलीपाशी बसा, अर्थात त्या बाईला विचारूनच. उलटंही करता येतं.

तुमची जात, तुमचं घराणं लोकांना माहीत असतं, हे विसरू नका. मी कुणबी घरातली सून. बौद्ध वस्तीत माझ्यासमोर काही गोष्टी बोलल्या जात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तिथे माझी एक मैत्रीण जाते, पैसे तिला मिळतात. "मी सगळीकडे चालते" असं म्हणणारा सहायक विद्यार्थ्याला अर्धंच गाव दाखवतो.

प्रबंधात गावाचं नाव बदलतात, माणसांची नावं बदलतात. बाहेरच्यांसाठी ते ठीक. पण गावात कोण कुणाकडे किती वेळ बसला हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पानठेल्यावर तुम्हाला विचारतील, "काय सांगून राहिला होता तो?" तुमचं उत्तर कायम एकच असू द्या: "वावराच्याच गोष्टी." एका घरचं दुसऱ्या घरी गेलं की त्या विद्यार्थ्याचं काम संपलं. तो तर परत जाईल, तुम्हाला इथंच राहायचं आहे.

त्यांच्या संध्याकाळी

दिवसभराचं ऐकलेलं-पाहिलेलं रात्रीच्या रात्री लिहून काढणं, हा त्यांच्या अभ्यासाचा कणा आहे. दोन तास, कधी तीन. त्याच वेळी घरी टीव्ही, पोरांचा गलका, शेजारच्या बाया "काय करते गं तुमची पोरगी" म्हणून डोकावणाऱ्या, लाइट गेलेली आणि लॅपटॉपच्या उजेडावर किड्यांचा थवा. आपल्याकडे माणसाला एकटं सोडणं म्हणजे निष्काळजीपणा. त्यांच्याकडे दार लावून बसणं म्हणजे रोजचीच गोष्ट. घरच्यांना मी सांगते, "तिची परीक्षा आहे, रोज रात्री पेपर असतो." परीक्षा म्हटली की आपली माणसं आवाज कमी करतात.

मार्गदर्शकाशी बोलणं बहुधा छतावर होतं, रेंज तिथंच असते. लंडनला दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. न्यूयॉर्कला सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसात किंवा साडेआठ. मार्गदर्शकाला ते सरळ नावानं हाक मारतात, ऐकून आपल्यालाच धडकी भरते. पण नावानं हाक मारली म्हणून धाक कमी असतो असं नाही. बोलणं झाल्यावर चेहरा उतरलेला दिसला तर "काय झालं" एवढं विचारा. बहुतेक वेळा उत्तर असतं की प्रश्नच बदलायला सांगितलाय. प्रश्न बदलला म्हणजे मुलाखती बदलल्या, म्हणजे तुमचे दिवसही बदलले. तेव्हा हे तुम्हाला कळायलाच हवं.

त्यांचं आपसातलं जग वेगळंच असतं. एकाच वर्गातली मुलं कुणी केनियात, कुणी बोलिव्हियात, कुणी आपल्याकडे, आणि रात्री एकमेकांना व्हिडिओ कॉल. कुणाच्या किती मुलाखती झाल्या, कुणाला पुढचा निधी मिळाला, कुणाचा लेख परत आला. त्यात मैत्री असते तशी चढाओढही असते, कारण नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार. आसपास काम करणारे मग महिन्यातून एकदा नागपूरला किंवा सेवाग्रामला जमतात. जाऊ द्या त्यांना. तीन महिने गावात सलग राहणारा विद्यार्थी चिडका होतो आणि चिडका माणूस वाईट प्रश्न विचारतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरची आठवण काढून रडतात, तेव्हा काम लावू नका. उलट पोळ्याला त्यांना गावातच थांबायला सांगा. बैल सजवताना, तोरणाखाली उभं राहताना सगळ्या गावाची उतरंड एका नजरेत दिसते, कुणाची जोडी आधी आणि कुणाची मागे. ऑक्टोबरात अमेरिकेत मॅडिसनला दक्षिण आशियावरची मोठी परिषद भरते. तिथे निबंध वाचायला गेला तर नेमका सोयाबीनच्या दिवसांत गायब होईल, ती तारीख आधीच लिहून घ्या.

या शिकण्यात आपलाही वाटा घ्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यास गटाची जुनी रीत आहे: गाव बसतं, विषय समजून घेतं, बाहेरच्या अभ्यासकालाही त्यात बसवतं. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. आमच्याकडे तेवढं नाही, पण अभ्यासिकेत एमपीएससी करणारी मुलं असतात. विद्यार्थ्याला तिथं बसवून महिन्यातून एकदा विचारते: तू काय वाचतोस ते मराठीत सांग. त्याच्या भाषेची तालीम होते आणि मुलांना कळतं की संशोधनाचा प्रश्न कसा उभा करतात, परदेशातल्या प्राध्यापकाला पत्र कसं लिहितात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, हे आमच्या अभ्यासिकेत माहीत होतं. अर्जासोबतचं उद्देशपत्र कसं लिहायचं हे माहीत नव्हतं. ते एका पीएचडीवाल्यानं बसून दुरुस्त करून दिलं. ही त्याची मेहेरबानी समजायची नाही. गाव त्याला शिकवतं, त्यानं गावाला शिकवावं.

पैसे आणि नाव

मैत्री होते, घरचे संबंध होतात, आणि मग पैशाचं बोलणं जड जातं. म्हणून ते पहिल्याच आठवड्यात, लिहून. दिवसाचा दर, अर्ध्या दिवसाचा दर, गाडी तुमची असेल तर पेट्रोल वेगळं. मुलाखत उतरवण्याचा दर रेकॉर्डिंगच्या तासावर ठरवा आणि लक्षात ठेवा की एक तासाची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास लागतात, पाठीमागे ट्रॅक्टर असेल तर जास्तच. परदेशी निधीतून सहायकाचा खर्च मांडता येतो. "मी विद्यार्थी आहे, माझ्याकडे पैसे नाहीत" हे खरं असलं तरी तुमची मजुरी बुडवायचं कारण होत नाही. एका हुशार मुलीला मी ओळखते जिचे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे "तिकडे गेल्यावर पाठवतो" म्हणून राहिले, ते राहिलेच. महिन्याच्या महिन्याला घ्या. त्यांचं इथलं खातं आणि यूपीआय सुरू व्हायला वेळ लागतो, तोवर रोख.

नावाबद्दलही बोला. आभाराच्या पानावर पूर्ण नाव, विद्यापीठाच्या कागदावर अनुभवाचं पत्र, आणि तुम्ही नुसतं भाषांतर न करता प्रश्न बनवले असतील, मुलाखती स्वतः घेतल्या असतील, तर लेखात सहलेखक म्हणून नाव. शेवटचं मागितल्यावर काही जण गडबडतात. मागा.

गेल्यानंतर

दोन वर्षं व्हॉट्सअॅपवर प्रश्न येत राहतात: त्या बाईच्या दिराचं वावर किती एकर, त्या वर्षी बोंडअळी आली का, विकलेल्या कापसाचा चुकारा (पैसे) कधी मिळाला. दोन मिनिटांचं असेल तर सांगून टाका. गल्लीत फिरून विचारावं लागणार असेल तर ते काम आहे, अर्ध्या दिवसाचा दर लावा.

प्रबंध इंग्रजीत, कधी जर्मन-फ्रेंचमध्ये, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात. गावाला त्याचा काय उपयोग? जाण्याआधी लिहून घ्या की चार पानी मराठी सारांश येईल. तो २६ जानेवारीच्या, १ मेच्या किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचायचा. वाचण्याआधी तुम्ही स्वतः तपासा, कुणी ओळखू येतं का. फोटो मात्र छापून द्यायला लावा. मोबाइलवर पाठवलेला फोटो आजीच्या कामाचा नाही. वर्ध्यात स्टुडिओत प्रिंट काढून, ज्याचा त्याला घरी नेऊन द्या.

राहिलं तुमच्या फोनमधलं. सगळी रेकॉर्डिंग, उतरवलेल्या फायली, नावांची यादी विद्यार्थ्याला पोचल्याचा त्याचा मेसेज घ्या आणि मग तुमच्याकडचं सगळं पुसून टाका, मेमरी कार्डावरचं, गुगल ड्राइव्हवरचं आणि मुलाच्या हातात असलेल्या जुन्या फोनमधलंही. पैसे पूर्ण मिळाले नसतील तर आधी ते मागा, पण रेकॉर्डिंग अडवून धरू नका. त्या गोष्टी गावातल्या माणसांनी आपल्या भरवशावर सांगितलेल्या असतात.